लग्नाला गेलेलं स्मारक

माझ्या चुलतीचं घर राष्ट्रीय स्मारक झालं, तेव्हा ती त्या घरात भाकरी थापत होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या सगळ्या भानगडी त्यातूनच निघाल्या. स्मारकात सहसा जितं माणूस राहत नाही. पुतळा असतो, आणि पुतळा कुणाला भांडी उसनी देत नाही.

घर गावाबाहेरच्या वस्तीवर, सातारा आणि सांगलीच्या हद्दीलगत, उसाच्या रानात होतं. कौलारू, पुढं पडवी, मधे सोपा, मागं स्वयंपाकघर आणि परडं. बेचाळीस सालानंतर चळवळीतले भूमिगत लोक तिथं येत, जेवत, घटकाभर पाठ टेकत आणि पुन्हा उसात शिरत. काका त्यांच्यातलेच. काकी त्या सगळ्यांना रांधून घालायची. पुढं काका तुरुंगात जाऊन आले, स्वातंत्र्य आलं, ते शेती करत राहिले आणि मी फौजेत असताना वारले. मूलबाळ नव्हतं. वस्तीवर काकी एकटी उरली. अर्थात एकटी म्हणण्याइतकी ती कधी एकटी नसे, दारात कुणी ना कुणी काहीतरी मागायला उभं असेच.

मी पेन्शनीवर घरी आलो, त्या वर्षी गावात एका पुढाऱ्याची सभा झाली. भाषणाच्या भरात त्यांनी काकांचं नाव घेतलं, वस्तीकडं हात केला आणि जाहीर केलं, "ते घर आम्ही राष्ट्रीय स्मारक करू!" टाळ्या पडल्या. बायकांत बसलेल्या काकीनं शेजारणीला विचारलं, "कुणाचं घर म्हनला?"

"आवं, तुमचंच."

"मग मला कवा इचारलं?"

सभेनंतर विचारलं. काकी म्हणाली, "घर घ्या. पर मी हितंच ऱ्हानार. मरस्तवर." पुढारी म्हणाले, "अहो मावशी, घर तुमचंच आहे!" असं म्हणून ते गाडीत बसले आणि घर सरकारचं झालं.

स्मारकाची समिती नेमली गेली. समितीला अध्यक्ष होते, उपाध्यक्ष होते, सल्लागार तर पडवीत मावत नव्हते. काम करायला माणूस नव्हता म्हणून मला सचिव केलं. फौजेत मी स्टोअरचा हवालदार होतो. बूट, कांबळी, पत्र्याचे मग, तंबूच्या मेखा, जे येईल ते मोजून घ्यायचं, नंबर घालायचा, यादीत लिहायचं आणि जागेवर ठेवायचं. घरी आल्यावरही माझी ही सवय गेली नव्हती. बायको म्हणायची, "ह्यांनी चहाच्या कपांस्नी नंबर घालायचे तेवढे ऱ्हायल्यात." ते काम माझं करून झालं होतं, तिला माहीत नव्हतं एवढंच. मी कपांच्या बुडाला घातले होते.

मी पहिल्याच दिवशी कामाची यादी केली. भिंतींची डागडुजी. पाटी. वस्तू गोळा करणे. वस्तूंना कार्डं. काकीचं काय?

शेवटच्या कलमासाठी पुण्याहून खात्याचे साहेब जीपनं आले. उंच, काटकुळे, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. माणूस वाईट नव्हता, पण बोलण्याआधी नियम आठवून घेत असावा, कारण प्रत्येक वाक्यापूर्वी जरा थांबायचा. त्यांनी घर पाहिलं, चूल पाहिली, काकीला पाहिलं आणि म्हणाले, "संरक्षित वास्तूत कुणाला राहता येत नाही."

"मी कुनी न्हवं," काकी म्हणाली. "मी हितलीच."

साहेब थांबले. मग म्हणाले, "नियमात रहिवासी बसत नाही. रखवालदार बसतो."

अशी काकी स्वतःच्या घराची रखवालदार झाली. तिला खाकी कोट, शिट्टी आणि बॅटरी मिळाली. बॅटरी तिनं डाळीच्या डब्यात ठेवली. शिट्टीनं ती परड्यातली कोंबडी हाकलायची. कोट मात्र तिला फार आवडला. नऊवारीवर तो चढवून ती पडवीत बसली की येणारा-जाणारा थबकायचा आणि एखादा सलामही ठोकायचा.

नेमणुकीला एक अट होती. यादीतल्या वस्तू जागेवर असल्या पाहिजेत. साहेब म्हणाले, "तपासणीत एखादी वस्तू नसली, तर नेमणूक रद्द. आणि नेमणूक रद्द म्हणजे..."

ते थांबले. वाक्य काकीनं पुरं केलं. "म्हंजी मी भाईर."

मी मधे पडलो. "काकी, माझं घर हाय की गावात."

"तुज्या घरात मी पावनी. पावनी चार दिस ग्वाड लागती, रं. पाचव्या दिशी तिला सुनंचं मीठ जास्त लागाया लागतं."

माझ्या बायकोचं मीठ मुळात जास्तच असतं, त्यामुळं मी तो मुद्दा सोडला. पण काकीला या घरातून हलू द्यायचं नाही हे मी मनाशी पक्कं केलं आणि यादीत त्या कलमाखाली दोन रेघा मारल्या.

वस्तू गोळा करण्याची दवंडी दिली आणि घोटाळा झाला. भूमिगतांनी वापरलेला कंदील कुणाकडं असल्यास आणून द्यावा, एवढंच मी म्हटलं होतं. दोन दिवसांत पडवीत कंदिलांची रांग लागली. तेवढे सगळे खरे मानले असते, तर भूमिगत लोक साताऱ्यावरून दिसले असते. मी एक ठेवला, बाकीचे परत केले, आणि परत केलेल्या घरांनी माझ्याशी बोलणं टाकलं. शेवटी काकीच्या घरातल्याच वस्तू ठेवायचं ठरलं. जातं, काठवट, घोंगडी, कंदील, घंगाळ, परात आणि सगळ्यांत मोठी वस्तू म्हणजे तांब्याचं तपेलं. याच तपेल्यात ती भूमिगतांसाठी भात शिजवायची. दोन गड्यांनी कडी धरल्याशिवाय ते हलत नसे. प्रत्येक वस्तूच्या बुडाला मी पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर घातला आणि सुवाच्य अक्षरांत कार्डं लिहून समोर मांडली. सोपा कसा दिसत होता म्हणता! एखाद्या पलटणीच्या स्टोअरसारखा.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नाही. त्या पंचक्रोशीत एवढं मोठं तपेलं दुसऱ्या कुणाकडं नव्हतं. लग्न असो, बारसं असो, तेरावं असो, माणसं काकीच्या दारात येत, "काकी, तपेलं न्हेतु" म्हणत आणि नेत. इतकी वर्षं हे चाललेलं. घराचं स्मारक झालं म्हणून गावातल्या पोरींनी लग्नं करायची थांबवली नव्हती. उलट दुष्काळात दोन वर्षं तुंबलेली सगळी लग्नं त्या वैशाखात एकदमच उभी राहिली.

घोंगडीसाठी काचेचं कपाट आणायला मी सांगलीला गेलो. दुकानदार जैन होते, दिवस मावळायच्या आत जेवायला घरी जायचं होतं म्हणून घासाघीस झटपट उरकली. त्यांनी विचारलं, "काय ठेवणार?"

"घोंगडी."

ते माझ्याकडं बघत राहिले. "काचेत? आमच्या आजोबांची घोंगडी अजून वापरात आहे. काचेत ठेवली असती तर कसर लागून संपली असती."

मी म्हटलं, सरकारी काम आहे. त्यांनी लगेच पावती फाडली.

कपाट यष्टीच्या टपावर चढवून, वाटेत प्रत्येक खड्ड्याला खिडकीतून मान बाहेर काढत मी वस्तीवर आलो. सोप्यात पाऊल टाकलं आणि कपाट खाली ठेवायचंच विसरलो. तपेलं नव्हतं. परात नव्हती. घंगाळ नव्हतं. सारवलेल्या जमिनीवर माझी कार्डं मात्र आपापल्या जागी उभी होती. मोकळ्या जमिनीसमोर एक कार्ड सांगत होतं, "या तपेल्यात भूमिगतांसाठी अन्न शिजत असे."

"आवं काकी! तपेलं कुटं हाय?"

"लग्नाला."

"कुनाच्या?"

"आदी खालच्या वस्तीवरल्या. तितनं परस्पर कोरेगावाकडं न्हेलंय. एका मांडवातनं दुसऱ्या मांडवात चाललंय, घरला यायला त्याला सवड कुटं? परात न् घंगाळ बी त्याच्यासंगच हाय." मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "कार्डं जाग्यावर हायत न्हवं? मी झाडताना बी हलवली न्हाईत."

मी तिला तपासणीची अट आठवून दिली. ती म्हणाली, "तपासनी काय रोज येती व्हय?"

रोज येत नव्हती. दुसऱ्या दिवशी मात्र येत होती. साहेब साताऱ्याला दौऱ्यावर आले होते आणि सकाळी वस्तीवर पोचतील असा निरोप गावच्या शिपायानं त्याच संध्याकाळी आणला.

मी भराभर विचार केला. कोरेगावाकडचं लग्न उद्याच, तपेलं आज मिळणार नाही. मग बदली माल. फौजेत एक वस्तू कमी पडली की शेजारच्या तुकडीकडून आणून मोजणी पार पाडायची, हे तर स्टोअरचं पहिलं शिक्षण. मी चार घरं फिरलो. एकाकडून बऱ्यापैकी मोठं पातेलं, एकाकडून परात, एकाकडून घंगाळ. सकाळी उजाडताच सगळं जागेवर मांडलं, कार्डं सरळ केली आणि बुडाला नंबर घातले. पेंट ओला होता, पण बूड कोण बघतंय?

साहेबांनी बूड पाहिलं नाही. त्यांनी काठ पाहिला.

इथं मी फसलो. फौजेत भांड्यावर नंबर असतो, गावात भांड्यावर माणूस असतं. कुणी, कुणाला, कशाबद्दल दिलं, ते काठावर कोरल्याशिवाय भांडं दुकानातून बाहेर पडत नाही. इतकी वर्षं गावाबाहेर काढून मी हे साफ विसरलो होतो.

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पातेल्यावर वाकले आणि वाचलं, "चि. बाळाच्या बारशास मामाकडून सप्रेम भेट. एकोणीसशे त्र्याहत्तर."

मी खाकरलो.

ते परातीकडं वळले. "कुस्त्यांचे मैदान. दुसरा क्रमांक." ते थांबले. "भूमिगत कार्यकर्ते कुस्त्याही खेळत होते?"

"शरीरयष्टी चांगली होती त्यांची," मी म्हणालो.

"पहिला क्रमांक कुणाला मिळाला?"

तेवढ्यात काकी कोट घालून चहा घेऊन आली. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा परातीकडं. "सायेब, त्याला कशाला पिळताय? ती भांडी लोकांची हायत. माजी लग्नाला गेल्यात."

"भांडी लग्नाला गेली?"

"मग? मानसं तेवढी गेली तर रांधायचं कशात?"

साहेबांनी चहा घेतला. कप परत ठेवताना त्यांनी त्याच्या बुडाकडं बघितलं, बहुधा आता सगळ्याच बुडांचा संशय यायला लागला होता. मग म्हणाले, "वस्तू गहाळ आहेत की सुरक्षित आहेत, हे मला प्रत्यक्ष पाहावं लागेल. चला."

जीपमध्ये पुढं साहेब आणि ड्रायव्हर, मागं मी आणि काकी. काकीनं कोट काढला नाही. "ड्युटीवर हाय मी," म्हणाली.

मांडव दुरूनच दिसला. आम्ही थेट चुलाण्याकडं गेलो. परात आणि घंगाळ शेजारीच होतं. तिथं राष्ट्रीय स्मारकातली वस्तू क्रमांक एक, भातानं काठोकाठ भरलेली, रटरटत होती. आचारी घामानं निथळत हातभर लांब उलथणं घेऊन उभा होता. मी त्याला सांगितलं की साहेबांना तपेल्याचा नंबर बघायचा आहे.

"कुटं हाय लंबर?"

"बुडाला."

त्यानं जाळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "गड्या, बुडाखाली डोस्कं घालनार हाय का त्यो?"

"खाली उतरवता येईल का?" साहेबांनी विचारलं.

"भात झाल्याबिगर ह्ये तपेलं कुनाचा बाप आला तरी उतरत न्हाई, सायेब. वऱ्हाड बसलंय."

तेव्हा थांबणं आलं. लग्नघरच्या यजमानांनी पुण्याचा साहेब आलेला पाहिला, आपल्याच लग्नाला आला असं गृहीत धरलं आणि त्यांना नवरदेवाच्या काकांशेजारी पंगतीला बसवलं. साहेबांनी दोनदा सांगून पाहिलं की मी कामावर आहे. वाढपी म्हणाला, "आमी बी कामावरच हाय," आणि भात वाढला.

पंगतीत साहेबांना तपेल्याचा इतिहास ऐकायला मिळाला. शेजारचे काका म्हणाले, पोलीस आले तेव्हा एक भूमिगत हेच तपेलं उपडं घालून त्याखाली लपला होता. समोरचे म्हणाले, छे, त्यानं ते डोक्यावर घेऊन गोळी अडवली. तिसरा म्हणाला, गोळी वगैरे काही नाही, पोलिसांनाही यातलाच भात वाढला आणि ते झोपले. साहेब एकाचं ऐकून घेत, थांबत, मग दुसऱ्याकडं वळत. मी मोजलं नाही, पण स्मारक उघडल्यापासून आलेल्या सगळ्या मंडळींपेक्षा त्या एका पंगतीत तपेल्याला ओळखणारी माणसं जास्त होती.

काकीला मी शेवटी विचारलं, "ह्यातलं खरं काय?"

"भात खरा," ती म्हणाली.

तपेलं रिकामं झालं, बायकांनी राखेनं घासलं. जाळासाठी बुडाला थापलेला मातीचा लेवा निघाला आणि त्याच्याबरोबर माझा ऑइलपेंटही. नंबर जळून गेला होता.

साहेबांनी विचारलं, "मग हे तेच तपेलं कशावरून?"

भोवती जमलेल्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. नवरीला तिच्या आईबद्दल कुणी असा प्रश्न विचारला असता तरी त्या एवढ्या गोंधळल्या नसत्या. त्यातल्या एकीनं कडं धरून तपेलं फिरवलं आणि काठाखाली बोट ठेवलं. अक्षरं झिजली होती. साहेबांनी चष्मा वर-खाली करून एकेक शब्द लावला. "कन्येस... लग्नात... वडिलांकडून." पुढं शके होता, तो अर्धाच उरला होता.

"माज्या बापानं दिल्यालं हाय," काकी म्हणाली. "सरकारनं न्हवं."

यजमान भांडी उद्या पोचती करतो म्हणाले आणि आम्ही वस्तीवर परत आलो. साहेब पडवीत बसले, कागद काढले. म्हणाले, "वस्तू सुरक्षित आहेत, हे मी लिहितो. पण त्या जागेवर नव्हत्या. अट मोडली आहे." मग बराच वेळ थांबले. "एक मार्ग आहे. खात्याच्या वस्तू प्रदर्शनासाठी बाहेर देता येतात. त्याचा छापील नमुना आहे. नेणाऱ्यानं सही करायची, परत आणल्यावर पुन्हा सही."

माझा जीव भांड्यात पडला. नमुना, रकाने, सह्या! मी म्हटलं, "उद्यापासून चालू करतो. जो न्यायला येईल त्याची सही घेऊ."

"न्हाई," काकी म्हणाली.

"काकी, नुसती सही!"

"आजपातुर कुनाची घिटली न्हाई. तुजा काका तुरुंगात हुता तवा ह्याच लोकांनी माजं रान पेरून दिलं. त्यांनी माजी सही घिटली का? आनि आता त्यांस्नी म्हनू, सही करा, मग भांडं न्ह्या?"

"मग नेमणूक राहत नाही," साहेब हळू आवाजात म्हणाले.

काकीनं कोटाची बटणं सोडली. कोटाची नीट घडी केली, साहेबांच्या कागदांशेजारी ठेवली, वर शिट्टी ठेवली. डाळीच्या डब्यातून बॅटरी आणून तीही ठेवली, तिला डाळ चिकटलेली होती. मग आत गेली आणि फडताळातलं सामान खाली घेऊ लागली. मिठाची बरणी, तिखटाचा डबा, काकांची टोपी. मी उभाच होतो. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

मधेच आतला आवाज थांबला. काकी टोपी हातात घेऊन दारात आली. "न्हेनाऱ्याची सही म्हंजी कुनाची, सायेब?"

"जो वस्तू इथून बाहेर नेईल त्याची."

"हितनं म्हंजी कुटनं?"

"या घरातून. या उंबऱ्याबाहेर."

"मग उंबऱ्याभाईर मीच न्हेती की. अंगठा माजा घ्या. फुडं रस्त्यावर मी ती कुनाच्या हातात दिली, त्ये सरकारनं इचारू न्हाई. परत बी मीच आत आनून ठिवती, परत अंगठा देती."

"रखवालदारानं रखवालदाराकडून न्यायची?"

"तसं लिवलंय का, की न्हेऊ न्हाई म्हनून?"

साहेबांनी नमुना काढला. वरून खाली वाचला, उलटा करून मागची बाजू वाचली, जी कोरी होती. अडवणारी ओळ त्यात नव्हती.

"वस्तू हरवली तर जबाबदारी तुमची," ते शेवटी म्हणाले.

"आजवर बी माजीच हाय. हरवली का?"

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. लग्नाला गेलेल्या तीन वस्तूंसाठी नमुने मीच भरले, अक्षर माझं चांगलं होतं. कारण या रकान्यात "प्रदर्शन" लिहिलं. ठिकाण या रकान्यात "मांडव" लिहीत होतो, साहेबांनी हात धरला आणि म्हणाले, "सार्वजनिक ठिकाण लिहा." त्यांनी पिशवीतून शाईची डबी काढली. काकीनं अंगठा टेकवला, कागदावर उठवला, नीट उठला का ते वाकून पाहिलं. मग कोट उचलून अंगात घातला आणि अंगठा कोटालाच पुसला. खाकीवर डाग उठला, पण सरकारी वस्तू खराब केल्याचा नमुना साहेबांनी काढला नाही.

ते जायला उठले. जीप सुरू झाली. काकीनं फाटकापाशी येऊन शिट्टी फुंकली, ड्रायव्हरनं दचकून ब्रेक मारला.

"काय झालं?" साहेबांनी बाहेर डोकावून विचारलं.

"ती शाईची डबी हितं ठिवून जावा," काकी म्हणाली. "परवा वडूजकडं साखरपुडा हाय."